पोकर मालिकांचे निकाल वाचायचे कसे? ‘एकूण कमाई’ हा आकडा कितपत खरा?

उत्तरेश्वर_पेठ
मंडळी, पोकरची एखादी मोठी मालिका संपली की निकालाचे तक्ते फिरायला लागतात. अमुक खेळाडू, इतक्या कॅश (म्हणजे इतक्या वेळा बक्षिसात आला), इतकी एकूण कमाई. वेगासची वर्ल्ड सिरीज असो नाहीतर गोव्यातली मालिका, ग्रुपवर लगेच ‘बघा, गडी कोटीत छापतोय’ सुरू होतं. माझं मत असं की खेळाडू किती तयारीचा आहे हे त्या आकड्यावरून जवळपास काहीच कळत नाही. मग तक्त्यात बघायचं काय आणि सोडून द्यायचं काय? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं. जुगार चांगला की वाईट यावर वेगळा धागा आहे, भांडण तिकडं.

फुकटचा_फ्लश
भडंग घेऊन बसलोय. चालू द्या.

नदीचा_पाचवा
उत्तरेश्वर, सहमत. तक्त्यात येतं ते फक्त बक्षीस. भरलेली फी कुठंच येत नाही. ३३ हजार फीची स्पर्धा धरा. एकानं तीन वेळा एंट्री घेतली आणि शेवटी ५५ हजारांची मिन-कॅश (सगळ्यात तळाचं बक्षीस) केली. तक्ता म्हणणार ‘कमाई ५५,०००’. खिशातून गेले ९९ हजार. म्हणजे गडी ४४ हजारांनी खड्ड्यात, आणि नावापुढं एक कॅश वाढली!

हेंडन मॉबसारख्या डेटाबेसवरही हेच. तिथं बक्षिसांची बेरीज असते. किती स्पर्धांत रिकाम्या हातानं उठला, किती बुलेट मारल्या (म्हणजे किती वेळा फी भरून एंट्री घेतली), याची नोंद नसते.

म्हणून तक्ता उघडला की आधी स्पर्धा फ्रीझआउट होती की री-एंट्रीची ते बघा. वर्ल्ड सिरीजची मेन इव्हेंट फ्रीझआउट आहे, एका माणसाला एकच एंट्री. त्यामुळं २०२४ च्या १०,११२ एंट्री म्हणजे १०,११२ माणसं. गोव्यात ४०० एंट्री लिहिलेल्या दिसल्या तर माणसं त्याहून बरीच कमी असू शकतात. आयोजकानं ‘युनिक’ (म्हणजे वेगवेगळ्या माणसांचा) आकडा वेगळा दिला असेल तर तोच धरायचा.

बावड्याचा_बादशाह
हे जरा अतीच झालं की. मग वर्षानुवर्षं ‘एकूण कमाई’च्या जागतिक यादीच्या टोकाला बसलेला ब्रिन केनी काय नशिबावर बसलाय व्हय? सात-आठ कोटी डॉलरची बेरीज नुसत्या री-एंट्रीनं होत नाही भावा.

नदीचा_पाचवा
@बादशाह, केनी उत्तम खेळाडू आहे, वादच नाही. पण उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूचं दिलंत. त्या बेरजेतला सगळ्यात मोठा तुकडा एकाच स्पर्धेचा आहे. ट्रायटन मिलियन, लंडन, ऑगस्ट २०१९. फी १० लाख ५० हजार पौंड, त्यातले ५० हजार धर्मादायाला. एकूण ५४ एंट्री. केनी दुसरा आला आणि त्याला मिळाले सुमारे १ कोटी ६९ लाख पौंड. पहिल्या आलेल्या ॲरन झँगला सुमारे १ कोटी ३८ लाख.

फुकटचा_फ्लश
आं? दुसऱ्याला पहिल्यापेक्षा जास्त? ही कुठली शाळा रं?

कागलची_पोर
डील. दोघंच उरले तेव्हा केनीकडं चिप्स खूप जास्त होत्या. तेव्हाच्या चिप्सवरून दोघांनी पैसे वाटून घेतले आणि पुढं नुसत्या किताबासाठी खेळले. किताब झँगनं नेला. म्हणून तक्त्यातला क्रमांक आणि रक्कम यांचा मेळ बसत नसेल तर डील झालंय असं समजायचं. नीट छापलेल्या निकालात रकमेपुढं चांदणी असते आणि खाली तशी टीप.

जुना_गडी
खासबागेत कुस्ती चितपट झाली की निकाल लागला, पंचानं हात वर केला, इनाम जिंकणाऱ्याचं. तुमच्या पोकरात हरणारा जास्त घेऊन जातो. धन्य आहे.

उत्तरेश्वर_पेठ
@कागलची_पोर, डीलची रक्कम ठरते कशी? जरा उलगडून सांगा की. आयसीएम आयसीएम (चिप्सवरून पैशाचा वाटा काढायची रीत) सगळे म्हणतात, हिशोब कोणी मांडत नाही.

कागलची_पोर
मांडते. तिघं उरलेत. चिप्स अ कडं ५० टक्के, ब कडं ३०, क कडं २०. बक्षिसं ५ लाख, ३ लाख, २ लाख. एकूण १० लाख.

आयसीएमचं गृहीतक असं की पहिलं येण्याची शक्यता चिप्सच्या वाट्याइतकी. म्हणजे अ ची ५० टक्के. आता अ दुसरा कधी येईल? एक, ब पहिला आला तर. मग ब च्या चिप्स बाजूला काढा, उरल्या ७०, त्यात अ च्या ५०. दोन, क पहिला आला तर. उरल्या ८०, त्यात अ च्या ५०. म्हणून ०.३ × ५०/७० अधिक ०.२ × ५०/८० = ३३.९ टक्के. तिसरा यायची शक्यता उरलेली १६.१ टक्के. प्रत्येक शक्यता त्या बक्षिसानं गुणायची आणि बेरीज करायची.

अ ला ३,८३,९२९. ब ला ३,२७,५००. क ला २,८८,५७१. बेरीज बरोबर १० लाख.

दुसरी पद्धत चिप-चॉप. तिसऱ्याचे २ लाख सगळ्यांना द्यायचे आणि उरलेले ४ लाख चिप्सच्या प्रमाणात वाटायचे. मग अ ला ४,००,०००, ब ला ३,२०,०००, क ला २,८०,०००. म्हणजे चिप लीडर १६ हजारांनी वर आणि बाकीचे दोघं मिळून तेवढ्यानं खाली. ‘सरळ चिप्सवर वाटू या’ असं टेबलावर चिप लीडरच आधी का बोलतो ते आता कळलं असेल. कमी चिप्सवाल्यानं तिथं फ्लोअरकडं (स्पर्धेच्या पंचाकडं) आयसीएमचे आकडे मागायचे. लॅपटॉपवर दोन मिनिटांत निघतात.

फुकटचा_फ्लश
नाद खुळा! हे छापून पाकिटात ठेवतो.

बावड्याचा_बादशाह
हिशोब पटला. पण आयसीएम सगळ्यांना सारखंच तयारीचं धरतं, आणि पुढचा ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधी सक्तीनं लावायच्या चिप्स) कोणावर येणार हेही बघत नाही. क कडं चारच बिग ब्लाइंडइतक्या चिप्स असतील आणि पुढच्या हाताला ब्लाइंड त्याच्यावर येणार असेल, तर २,८८,५७१ त्याला जरा जास्तच झाले.

कागलची_पोर
बरोबर आहे. ब्लाइंड मोठे झाल्यावर हा फरक जास्त जाणवतो. तरी टेबलावर वाद मिटवायला याहून सोपं हत्यार नाही.

सीए_राजारामपुरी
कराचा विषय अजून निघालाच नाही, म्हणून लिहितो. पत्त्यांच्या खेळातल्या बक्षिसावर आपल्याकडं सरसकट ३० टक्के कर, त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२. उत्पन्न ५० लाखांच्या वर गेलं तर अधिभार वेगळा. तुमचा स्लॅब कुठलाही असो, फरक पडत नाही. खर्चाची वजावट नाही, एका स्पर्धेतला तोटा दुसरीच्या बक्षिसातून वळता करता येत नाही. बक्षीस १० हजारांच्या वर गेलं की आयोजक ३० टक्के टीडीएस आधीच कापतो.

वरचंच उदाहरण घ्या. एकाच बुलेटमध्ये ५५ हजारांची मिन-कॅश. टीडीएस गेला १६,५००. हातात ३८,५००. फी वजा जाता ५,५०० सुटले, त्यातही उपकराचे ६६० रिटर्न भरताना जाणार. दोन बुलेट असतील तर २७,५०० चा तोटा, आणि तोट्यावर पुन्हा कर! गोव्याचं जाणं-येणं आणि खोलीभाडं अजून धरलेलंच नाही.

अमेरिकेत भारतीय खेळाडूचे ३० टक्के तिथंच कापले जातात, कारण आपल्या करारात जुगाराच्या बक्षिसाला सूट नाही. ब्रिटिश माणसाला करारामुळं तिथं कपात नाही आणि त्याच्या देशातही अशा बक्षिसावर कर नाही. तिथं कापलेल्या कराचं श्रेय इथं मिळतं, पण त्यासाठी वेगळा फॉर्म भरावा लागतो. तेव्हा तक्त्यातले दोन सारखे आकडे दोन देशांच्या खेळाडूंच्या खिशात सारखे पडत नाहीत.

जुना_गडी
म्हणजे कष्टानं जिंकायचं आणि सरकारानं रेक (क्लब कापतो तो वाटा) घ्यायचा.

नदीचा_पाचवा
कराच्या जोडीला हिस्सेदारी. मोठ्या फीच्या स्पर्धांत पूर्ण फी स्वतःच्या खिशातून भरणारे थोडे. समजा एकानं ३३ हजारांच्या एंट्रीतला अर्धा हिस्सा १.२ च्या मार्कअपनं विकला. अर्ध्याचे १६,५००, पण घेणाऱ्यानं दिले १९,८००. खेळाडूचे स्वतःचे फक्त १३,२०० अडकले. आता १० लाख जिंकला तर तक्त्यात १० लाख, त्याचे ५.

बॅकरबरोबर (फी भरणाऱ्याबरोबर) मेकअपचा (मागचा तोटा आधी फेडायचा) करार असेल तर आणखी वेगळं. मागच्या स्पर्धांचा ६ लाखांचा तोटा बॅकरच्या वहीत आहे, आज १० लाख आले. आधी ६ बॅकरचे, उरलेले ४ निम्मे-निम्मे. ज्याचा फोटो छापून आला त्याला २ लाख.

सीए_राजारामपुरी
आणि त्यात खरी मेख अशी की टीडीएस १० लाखांवर खेळाडूच्याच पॅनवर कापला जातो. म्हणजे हातात येतात ७ लाख. वाटणी १० वर करायची की ७ वर, हे खेळाच्या आधी लिहून घेतलं नसेल तर पुढं मैत्री तुटते. व्हॉट्सॲपवर का होईना, पण लेखी असू दे.

फुकटचा_फ्लश
एवढं ऐकून आपली दिवाळीतली तीनपत्तीच बरी. रेक नाही, बॅकर नाही. मेकअप फक्त वहिनींचा.

पन्हाळा_फोल्ड
😂😂 भावा, वहिनी वाचत असतील.

बाय द वे, गोव्याला कुठल्या वाटेनं जाताय सगळे? आजरा, आंबोली, सावंतवाडी की फोंडा घाट?

जुना_गडी
पावसाळ्यात आंबोलीत शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. रविवारी दुपारी डे टू असेल तर घाट सकाळी लवकर उतरा. लेट रजिस्ट्रेशन तुमच्यासाठी थांबत नाही.

कट्टा_संपादक
विषयाला धरून लिहा ही विनंती. आणि एक सूचना. कोणत्याही पैशाच्या ऑनलाइन पोकर ॲपची लिंक किंवा रेफरल कोड इथं टाकू नका. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. आलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत.

पन्हाळा_फोल्ड
मग आपल्याकडं प्रत्यक्ष टेबलावर तरी चालतं का? कोल्हापुरात क्लब काढला तर?

सीए_राजारामपुरी
त्या वाटेला जाऊ नका. आपल्याकडं १८८७ चा जुगारबंदी कायदा लागू आहे. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, पण पोकर त्यात बसतं का यावर न्यायालयांचं एकमत नाही. गुजरात उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये जुगार ठरवलं, अलाहाबाद उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये कौशल्य मानलं. कॅसिनोसाठीचा १९७६ चा राज्याचा कायदा कधी अंमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दच केला. म्हणून मालिका गोव्यात मांडवीतल्या बोटींवर होतात.

बावड्याचा_बादशाह
मूळ विषयाकडं येतो. बक्षीस रकमेची तुलना दोन वर्षांत तरी करता येते की नाही? २०२३ ला मेन इव्हेंटला १०,०४३ एंट्री, डॅनियल वाइनमनला १ कोटी २१ लाख डॉलर. २०२४ ला ६९ एंट्री जास्त, तरी जोनाथन टमायोला १ कोटीच. पैसे गेले कुठं?

नदीचा_पाचवा
चांगला प्रश्न. पैसे कुठंही गेले नाहीत, वाटणी बदलली. फी १०,००० डॉलर, त्यातले ९,३०० बक्षिसाच्या रकमेत जातात. १०,११२ गुणिले ९,३०० म्हणजे ९,४०,४१,६०० डॉलर. २०२३ ला ९,३३,९९,९००. दोन्ही वर्षी सुमारे १५ टक्के लोकांना पैसे, तळाला १५,००० डॉलर. फरक एवढाच की २०२३ ला पहिल्याला एकूण रकमेच्या जवळजवळ १३ टक्के दिले, २०२४ ला साडेदहाच्या थोडं वर. शिखर कापून मधल्या पायऱ्या भरल्या. २०२५ लाही पहिलं बक्षीस १ कोटीच ठेवलं होतं, एंट्री ९,७३५. ते मायकल मिझराचीनं नेलं.

म्हणून नुसतं पहिलं बक्षीस बघून ‘मालिका मोठी झाली, लहान झाली’ म्हणू नका. एंट्री गुणिले फीतला बक्षिसाचा भाग, हा गुणाकार स्वतः करायचा. गोव्यातल्या तक्त्यालाही हेच. ‘१ कोटी गॅरंटी’ असं लिहिलंय, फी ३०,००० अधिक आयोजकाचे ३,०००. गॅरंटी भरायला ३३४ एंट्री लागतात. ३०० च आल्या तर जमले ९० लाख, वरचे १० लाख आयोजकाचे. हा ओव्हरले. खेळणाऱ्याला असल्या स्पर्धेत आधीच फायदा असतो. उलट ५०० एंट्री आल्या तर गॅरंटीच्या आकड्याला काही अर्थ उरला नाही.

कागलची_पोर
मिझराचीच्या त्या उन्हाळ्याबद्दल लिहायलाच हवं. मेन इव्हेंटच्या आधी त्याच मालिकेत त्यानं ५०,००० डॉलरची पोकर प्लेअर्स चॅम्पियनशिप जिंकली होती, तीही चौथ्यांदा. २०१०, २०१२, २०१८, २०२५. तिथं नऊ प्रकारचे खेळ आलटून पालटून खेळावे लागतात आणि समोर सगळे मुरलेले. माझ्या मते त्याच्या नावापुढं बघायची ओळ ती आहे, १ कोटीची नाही.

त्याच फायनल टेबलवर लिओ मार्गेट्स सातवी आली. १९९५ मध्ये बार्बरा एनराइट पाचवी आली होती, त्यानंतर मेन इव्हेंटच्या फायनल टेबलवर बाई दिसली ती थेट तीस वर्षांनी. हे ‘एकूण कमाई’च्या रकान्यात कुठं दिसणार?

बावड्याचा_बादशाह
आपल्या लोकांचं बोला की. २०२४ ला बेंगळुरूच्या संतोष सुवर्णानं अडीच लाख डॉलर फीची स्पर्धा मारली, ५४ लाख १५ हजार डॉलर. विषय हार्ड!

नदीचा_पाचवा
भारीच. आणि त्याच्या आदल्या वर्षी वर्ल्ड सिरीज युरोपातही त्याचं ब्रेसलेट (स्पर्धा जिंकल्याचं कडं) आहे. पण वाचताना हे ध्यानात ठेवा की अडीच लाख फीच्या स्पर्धेत एंट्री शंभराच्या आत असतात. मैदान लहान, समोरचे जगातले निवडक. याउलट निपुण जावा आणि आदित्य सुशांत यांनी २०१७ ला १,००० डॉलरची टॅग टीम स्पर्धा जिंकली, तिथं आठशेच्या वर संघ होते. बक्षीस त्यामानानं किरकोळ. दोन्ही ब्रेसलेटच, पण एकाच तराजूत नाही घालता येत.

जुना_गडी
निकाल लागूनही विजेता नाही, असंही झालंय म्हणे?

कागलची_पोर
हो, २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमधल्या मिलियनेअर मेकर स्पर्धेत. शेवटच्या दोघांतल्या एकाला जिंकल्यास दुसऱ्या कंपनीकडून १० लाख डॉलरचा बोनस मिळणार होता. हेड्सअपमधले (दोघंच उरल्यावरचे) डाव संशयास्पद वाटल्यावर चौकशी झाली आणि आयोजकांनी ठरवलं की ब्रेसलेट कोणालाच नाही, उरलेली रक्कम दोघांत सारखी. त्याआधी २०२४ च्या मेन इव्हेंटच्या फायनलला विजेत्याच्या गोटात लॅपटॉप दिसल्यावरून रान पेटलं आणि पुढच्या वर्षी उपकरणांचे नियम कडक झाले.

उत्तरेश्वर_पेठ
सगळं वाचलं, भरपूर मिळालं. एकच राहिलं. समजा एखाद्याचे तीन वर्षांचे निकाल समोर आहेत, फीसुद्धा धरलेली आहे. तरी तो चांगला की नशीबवान हे कळेल का?

नदीचा_पाचवा
पहिल्या नंबरांवरून नाही कळणार. हिशोब करू. हजार एंट्रीच्या स्पर्धा, खेळाडू सरासरीच्या दुप्पट चांगला. तो ५०० स्पर्धांत सरासरी एकदा जिंकेल. वर्षाला ४० खेळला तरी साडेबारा वर्षं! उलट बाजू बघा. चांगल्या खेळाडूचा कॅश होण्याचा दर १८ टक्के धरला, तर सलग दहा स्पर्धांत एकही कॅश नसण्याची शक्यता ०.८२ चा दहावा घात, म्हणजे जवळपास १४ टक्के. एक अख्खी मालिका कोरडी गेली म्हणून कोणाला मोडीत काढू नका.

मी तक्त्यात बघतो ते असं. कॅश झालेल्यांपैकी किती वेळा तळाच्या पायरीवर थांबला आणि किती वेळा शेवटच्या दोन टेबलांपर्यंत गेला. नुसत्या मिन-कॅशची रांग असेल तर गडी बबलवर (बक्षिसं सुरू व्हायच्या अगदी आधी) पत्ते टाकत बसणारा असण्याची शक्यता जास्त. दुसरं, लेव्हल (ब्लाइंड वाढायची एक पायरी) किती मिनिटांची होती. ४०० एंट्री, प्रत्येकी ३० हजार चिप्स, म्हणजे १ कोटी २० लाख चिप्स खेळात. दहा जण उरले की सरासरी १२ लाख. तेव्हा बिग ब्लाइंड ४० हजार असेल तर ३० ब्लाइंड, अजून खेळायला जागा आहे. १ लाख असेल तर १२ ब्लाइंड, तिथं ऑल-इन (सगळ्या चिप्स लावणं) नाहीतर फोल्ड (पत्ते टाकणं). २० मिनिटांच्या लेव्हलच्या टर्बोतला निकाल मी अर्धाच मोजतो.

पन्हाळा_फोल्ड
आणि सॅटेलाइटचे (मोठ्या स्पर्धेची सीट जिंकायच्या छोट्या स्पर्धांचे) निकाल? त्यात तर क्रमांकच नसतो.

कागलची_पोर
त्यात क्रमांक बघायचाच नाही. दहा सीट असतील तर पहिला आणि दहावा सारखेच. म्हणून तिथं खेळही वेगळा. अकरा जण उरलेत, दुसऱ्या टेबलावर एकाकडं एकच ब्लाइंड राहिलाय, तुमची सीट ९७ टक्के पक्की. तेवढ्यात तुमच्याहून मोठा स्टॅक (चिप्सचा ढीग) असलेला ऑल-इन आणि तुमच्याकडं एक्क्यांची जोडी. टाकून द्यायची.

फुकटचा_फ्लश
एक्के टाकायचे?? ताई, रंकाळ्यात ढकलून द्या त्यापेक्षा.

कागलची_पोर
समोर कुठलेही दोन पत्ते धरले तरी एक्क्यांची जोडी ८५ टक्के वेळा जिंकते. हातात ९७ असताना ८५ का घ्यायचे? जास्तीच्या चिप्सना तिथं दुसरी सीट मिळत नाही.

फुकटचा_फ्लश
टाकतो. पण उघडे करून टाकणार.

बावड्याचा_बादशाह
उघडे टाकलेस तर एक राउंड बाहेर बसवतील. बबलवर बाहेर बसलास तर ब्लाइंड आणि अँटी तुझ्या स्टॅकमधून जातच राहणार.